पानावरचा हात

मी संशयी आहे. हे मी कधी लपवलेलं नाही. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनंच सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, की पोरगी कामाला वाघ आहे, पण हिला कुणाचं काही पटकन खरं वाटत नाही. दूधवाल्यानं "आज म्हशीचंच आहे हं वहिनी" असं आपणहून सांगितलं की मी त्या दिवशी मुद्दाम साय निरखून बघते. शाळेत शिकवत होते तेव्हा पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराला आधी जीभ दाखवायला लावायची आणि मगच घरी सोडायची. तर अशा बाईच्या घरात, साताऱ्यात, एक माणूस जन्मभर फोटो साठवत राहिला, आणि मी त्या फोटोंकडं एकदाही संशयानं पाहिलं नाही, हे माझं मलाच अजून खरं वाटत नाही.

फोटो माणसांचे नव्हेत, जुन्या पोथ्यांचे. आमचे हे कॉलेजात मराठी शिकवायचे, आणि सुट्टी लागली की कॅमेरा खांद्याला अडकवून मठ, देवळं, गुरवांची आणि पाटलांची घरं पालथी घालायचे. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देव्हाऱ्यात पाच-सहाशे वर्षांमागच्या ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती असायच्या. कुणी पोथी देऊ केली तरी हे घ्यायचे नाहीत. "ज्याची पोथी त्याच्या घरी, आपल्याला फक्त छाया," असं म्हणायचे. उजेडात पाट ठेवायचा, पाटावर पोथीचं सुटं पान, पानाशेजारी लाकडी फूटपट्टी, आणि वरून फोटो. घरी आले की प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं गाव आणि घराणं लिहायचं. शिवाय ग्रंथालयांतून आणलेली मायक्रोफिल्मची रिळं आणि झेरॉक्सचे गठ्ठे वेगळेच. पाहुण्याला झोपायला आमच्याकडं खोली नव्हती, पण ह्या छायांना होती. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला मी वाळवायचा, कपाटांत मी भरायचा, आणि पुस्तक निघालं की प्रस्तावनेच्या शेवटी "सौ.चे सहकार्य लाभले" एवढं छापून यायचं. मी ते वाचायची आणि पुस्तक मिटून ठेवायची.

त्या सगळ्यांत एका पोथीनं आमचं वाटोळं केलं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. ह्यांनी एक ओवीबद्ध ग्रंथ संपादून छापला. तोवर त्या ग्रंथाचं कुणी नावही ऐकलं नव्हतं. मजकूर छापला, शब्दांचे अर्थ दिले, लांबलचक प्रस्तावना लिहिली, पण मूळ पानाचा एकही फोटो दिला नाही. प्रत कुठली, तर "दक्षिण महाराष्ट्रातील एका घरी पाहिलेली", एवढंच. लोकांनी विचारलं, पोथी दाखवा. हे म्हणाले, दाखवता येणार नाही. फोटो दाखवा. तेही नाही. मग जे व्हायचं तेच झालं. सांगलीत एक चर्चासत्र होतं. तिथं व्यासपीठावरच्या एका विद्वान गृहस्थांनी हसत हसत सांगितलं, की ह्या ओव्यांचा कर्ता मध्ययुगात होऊन गेलेला नसावा, तो हल्लीच साताऱ्याच्या एका कॉलेजात नोकरीला असावा. सभागृह हसलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. हे समोर ठेवलेलं पाणी प्यायले.

त्यानंतर ह्यांना बोलावणं कमी झालं, मग बंदच झालं. "सरांची पोथी" हा कॉलेजातल्या स्टाफरूममधला विनोद होऊन बसला. मी एकदा समोर बसवून विचारलं, "पोथी आहे ना खरी?" हे म्हणाले, "आहे." मी म्हटलं, "मग दाखवून मोकळे व्हा की एकदाचे." "नाही," म्हणाले. आणि मी, दूधवाल्यावर विश्वास न ठेवणारी मी, ह्यांच्यावर ठेवला. कारण ह्या माणसाला खोटं बोलताच येत नाही. बाहेर साखर घालून चहा पिऊन आले तरी घरात शिरताना तोंडावर लिहिलेलं असायचं. खोटं बोलायचं झालं की चष्मा काढून पुसायला लागायचे, धुरळा नसला तरी.

आता ह्यांनी ऐंशी ओलांडलीय. गेल्या वर्षी सांगलीच्या एका संस्थेनं हा सगळा संग्रह मागितला. ते लोक प्रत्येक फोटो स्कॅन करून इंटरनेटवर ठेवणार, म्हणजे कुणालाही घरबसल्या बघता येईल. हे खूश झाले. संस्थेच्या एक बाई लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन आमच्याकडं येऊ लागल्या. बाई फार गोड. इतक्या गोड की मला लगेच शंका आली. येताना पेढे कशाला आणायचे? माझ्या गुडघ्यांची चौकशी रोज कशाला? हिला काहीतरी हवंय, हे मी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. आणि तसंच निघालं. आठवडाभरानं बाईंनी हळूच विषय काढला, "सर, त्या ओव्यांच्या पोथीचे फोटो असतील तर तेही घेऊ या का? नाहीतर तुमच्या पुस्तकापुढं आम्हाला 'मूळ आधार उपलब्ध नाही' असं लिहावं लागेल."

हे म्हणाले, "ते फोटो नाहीत." आणि चष्मा काढून पुसायला लागले.

"देणार नाही" म्हणाले असते तर मला काही वाटलं नसतं, इतकी वर्षं तेच ऐकत आले होते. "नाहीत" हे नवीन होतं, आणि ते खोटं होतं. म्हणजे फोटो आहेत. का मुळात नव्हतेच, आणि हसणारं ते सगळं सभागृहच खरं होतं? मी ज्या माणसाबरोबर उभा जन्म काढला तो खरा आहे की खोटा, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढं उरला, आणि मला जेवण जाईना.

दोन दिवसांनी दुपारी हे झोपलेले असताना मी कपाटं काढली. सगळ्यात खालच्या कप्प्यात, रिळांच्या मागं, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. उघडला. आत फोटो होते. पाटावर पोथीचं पान, शेजारी फूटपट्टी, ओव्या स्पष्ट. छापील पुस्तक आणून मी पहिली ओवी ताडून पाहिली. अक्षर न् अक्षर तीच. फोटोच्या पाठीवर मात्र काहीच नव्हतं, ना गाव, ना घराणं. आणि प्रत्येक पानावर एक हात होता.

पान उडू नये म्हणून कुणीतरी धरायचं, हे काही नवीन नाही. ह्यांच्या संग्रहात शेतकऱ्यांचे अंगठे आहेत, गुरवाची अंगठी घातलेली बोटं आहेत. पण हा बाईचा हात होता. डावा, तरणा, मनगटभर काचेच्या बांगड्या, आणि करंगळी अर्धी तुटलेली. बाईचा हात मी त्या संग्रहात दुसरीकडं कुठं पाहिला नव्हता, कारण बहुतेक घरांत बायकांना पोथीच्या वाऱ्याला उभं करत नाहीत.

पोथी खरी होती, हा विचार आधी यायला हवा होता. खरं सांगते, तो नंतर आला. आधी आला तो हाताचा. ह्या हातापायी माझा नवरा भर सभेत खोटारडा ठरला आणि गप्प बसला. नुसत्या पोथीसाठी कुणी एवढं सोसत नाही. मग ही कोण?

हे उठले तेव्हा मी चहाच्या कपाशेजारी तो डबा ठेवला.

"हा कुणाचा हात?"

त्यांनी फोटोकडं पाहिलंसुद्धा नाही. "तो डबा जागच्या जागी ठेव."

"हात कुणाचा म्हणून विचारतेय."

"पान धरायला कुणीतरी लागतंच."

"कुणीतरीला नाव असतं."

"मी शब्द दिलाय," हे म्हणाले. "त्यांना."

"त्यांना," मी म्हटलं. "मला मात्र चारचौघांत अगं-तुगं."

ते चहा प्यायला लागले. मी म्हटलं, बरं, हात दाखवायचा नव्हता तर तेवढा भाग कापून बाकीचं पान दाखवायचं होतं. तर म्हणाले, "हात पानावर आहे, बाजूला नाही. कापला असता तर अर्धी ओळ गेली असती, आणि मी खोटाच आहे असं म्हणणाऱ्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं झालं असतं." म्हणजे सगळा विचार करून झालेला होता. फक्त माझ्यापाशी बोलायचं राहिलं होतं.

पुढचे कितीतरी दिवस आमच्यात मिठाचा खडासुद्धा शब्दानं मागितला गेला नाही. मी जुनी वर्षं उकरत बसले. ह्या पुस्तकाच्या तीन-चार वर्षं आधी हे दोन-तीनदा आष्ट्याला जाऊन राहिले होते, पेपर तपासायला म्हणून. एकदा तिथून मला हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. सगळ्या जन्मात एकदाच, न सांगता. तेव्हा मी केवढी हरखले होते. आता वाटलं, दुकानदाराला दोन हातांची मापं दिली असतील. असं वाटायला लागलं की माणूस कुठं थांबत नाही. संस्थेच्या बाई पुन्हा आल्या, त्यांनी माझ्या गुडघ्यांबद्दल विचारलं, आणि मी त्यांना सांगितलं की गुडघे उत्तम आहेत, तुम्ही तुमचं काम करा. बाईंचा चेहरा पडला. पडू दे म्हटलं.

हे फिरायला गेले की मी डबा उघडायची. असंच एकदा बघताना एका फोटोशी अडकले. त्यात कॅमेरा जरा मागं सरकला होता, आणि पाटाच्या पलीकडची जमीन दिसत होती. तिथं कापडांची चळत होती. एकावर एक उलगडून टाकलेले रुमाल, काठाचे, बिनकाठाचे, खालचे पार विटलेले. आणि माझ्या लक्षात आलं की हे घर मला माहीत आहे.

माझं माहेर इस्लामपूरकडचं. आष्ट्याजवळच्या एका गावात एक घर आहे, तिथली पोथी आमच्या सगळ्या पट्ट्यात प्रसिद्ध. ती पोथी कुणी कधी वाचत नाही. दसऱ्याला घरातला कर्ता पुरुष तिच्यावर एक नवा रुमाल बांधतो, जुन्या रुमालांच्या वरून. असे पिढ्यान्‌पिढ्यांचे रुमाल एकावर एक चढून ते गाठोडं केवढं तरी झालंय. लहानपणी आईबरोबर मी ते बघायला गेले होते. गाठोडं सोडायचं नाही, हा तिथला नियम. सोडलं तर घराचं बरं होत नाही म्हणतात. आणि बायकांनी उंबऱ्याबाहेरून हात जोडायचे. देवघर झाडायला बाई चालते, गाठोड्याला हात लावायला चालत नाही.

आणि इथं फोटोत गाठोडं सुटलेलं होतं, आणि पोथीवर बाईचा हात होता.

आता एवढ्यावर मला गप्प बसायला काय हरकत होती? पण तो माझा स्वभाव नाही. उलट मला जास्तच लागलं. असल्या घरातली सून परक्या पुरुषासाठी ते गाठोडं सोडते, म्हणजे काही साधी ओळख नसणार. एक फोटो मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवला. ह्यांना सांगितलं, माहेरी चाललेय, भावाकडं. "जा," म्हणाले. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं नाही. ह्यांना ती नजरच नाही.

सांगलीच्या एसटीनं आष्ट्याला उतरले. पुढं वडापची जीप मिळाली. उसाचा हंगाम, त्यामुळं सगळा रस्ता ट्रॅक्टरांच्या मागून रांगत काढला. त्या घराला आता स्लॅब पडलाय, दारात बुलेट आणि ट्रॅक्टर. सोप्यात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी तिच्या तोंडाकडं नंतर बघितलं, आधी डाव्या हाताकडं. करंगळी अर्धी.

"कुणीकडनं आलासा?" तिनं विचारलं.

"सातारनं," मी म्हटलं. "कॉलेजातले सर पोथी बघायला आले व्हते न्हवं, लय वर्षांमागं. त्येंच्या घरनं."

तिचा हात शेंगांत तसाच राहिला. आत टीव्ही चालू होता, सून बसली होती. म्हातारीनं एकदा आत बघितलं आणि उठली. "हितं टीव्हीचा गलका हाय, मागच्या दारी चला," म्हणाली.

मागं गोठा होता. तिनं पोतं अंथरलं, मला बसवलं, आणि पहिला प्रश्न केला तो असा, "सायेब हायेत न्हवं?"

"हायेत."

"बरं हाय," ती म्हणाली, आणि मोकळा श्वास टाकला. माझ्या अंगाची आग झाली.

मी काही आडवळणानं गेले नाही. म्हटलं, "गाठोडं तुमीच सोडलं व्हतं?"

"व्हय. मीच."

मग तिनं सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून देवघर झाडायचं काम तिच्याकडं. रोज गाठोड्याच्या खाली बारीक भुसा पडलेला असायचा. आज झाडला की उद्या परत. ती घाबरली. "म्या मामंजींना म्हनलं, आतनं काय तरी खातंय पोथीला. तर माज्यावरच वराडले. पोथीला कोन खातंय, म्हनले, देव हाय त्यो. आता देवाला कसर लागती का न्हाई मला काय ठावं, पर भुसा तर रोज म्या भरत व्हते." त्याच सुमाराला हे तिथं गेले. सासऱ्यांनी दारातूनच परत पाठवलं. हे गावाबाहेरच्या देवळात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे पुरुष एका लग्नाला गेले, सासूही गेली, आणि हिनं शेजारच्या पोरीला देवळात पाठवून ह्यांना बोलावून घेतलं. ह्यांनी गाठोड्याला हात लावायला नको म्हटलं, तुमचं घर, तुम्हीच सोडा. तिनं सोडलं. कितीतरी पानं आत पिठासारखी झाली होती. जी धड होती ती पाटावर ठेवली, आणि गुंडाळी होऊ नये म्हणून हिनं हातानं दाबून धरली. मग पुन्हा सगळे रुमाल जसेच्या तसे बांधून ठेवले.

"आता काय हाय आत?" मी विचारलं.

"काय न्हाई. भुसा. नि रुमाल. तरी बी पोरं बांधत्यात दसऱ्याला."

म्हणजे ती पोथी आता फक्त आमच्या बिस्किटांच्या डब्यात होती. हे कळूनही माझं मन जिथं होतं तिथंच. मी विचारलंच. ह्या वयात लाज कसली. "तुमचं नि त्येंचं काय व्हतं का?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. "आवं ताई," ती म्हणाली, "त्येंनी मान वर करून माज्याकडं बघितलं आसंल तर शप्पत. सारा येळ पानांकडंच डोळं. म्या च्या ठिवला त्यो बी गार झाला. जाताना हात जोडून म्हनले, बाई, तुमचं नाव कुटं निघायचं न्हाई, नि मी परत ह्या गावात पाऊल ठिवायचा न्हाई, म्हंजी तुमच्यावर बालंट नको. म्याच म्हनले व्हते न्हवं, कुनाला कळलं तर मला घालवून देतील. हे बोट तवा कडबा कापायच्या कुट्टीच्या मशिनीत नुकतंच गेलं व्हतं. सारा गाव वळखत व्हता थोटी म्हनून."

मी हसले नाही, पण माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ह्यांना ओळखत असलेल्या कुठल्याही बाईनं हेच सांगितलं असतं. समोर अप्सरा बसवली तरी हा माणूस तिच्या मागच्या शिलालेखाकडं बघेल.

"मंग कळलं का कुनाला?"

"म्याच सांगितलं की," ती म्हणाली. "पोटात ठरंना. दिवाळीला सासूला, आत्याबाईंना सांगितलं. वाटलं, आता झाडूनं मारत्यात. तर त्या म्हनल्या, आत काय लिवलंय गं? म्हनल्या, जलम गेला हात जोडून, एकदा बघायचं व्हतं मला. मंग सायबांनी वाचून दावल्यालं जेवडं ध्येनात व्हतं तेवडं म्या त्यांस्नी सांगितलं. पुढच्या सालाला मामंजी गेले. मंग कोन कुनाला इचारतंय? पोरांस्नी बी म्या सांगून टाकलं. हसली."

मी ऐकत राहिले. पुढच्या सालाला. म्हणजे ह्यांचं पुस्तक निघायच्या आधी. सांगलीच्या त्या सभेच्या आधी.

ती जरा पुढं सरकली. "पुस्तक निघालं न्हवं त्येंचं?"

"निघालं."

"त्यात माजा हात आलाय न्हवं?"

ती आपल्याच नादात होती. "म्या लय डाव मनात म्हनते, कुटं पुण्या-मुंबईला मोठाली शिकल्याली मानसं त्ये पुस्तक उघडत आसतील, नि माजं थोटं बोट बघून म्हनत आसतील, ही बाई कोन आसंल. मला तर वाटलं व्हतं सायेब येतील पुस्तक घिऊन. पर त्येंनी सबूद दिल्याला, न यायचा. म्या तरी कुटं हुडकू? नाव बी ठावं न्हाई त्येंचं."

"न्हाई आला हात," मी म्हटलं.

"का? खराब निघाला व्हय?"

मी पर्समधून फोटो काढून तिला दिला. तिनं दोन्ही हात पदराला पुसले आणि तो उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. "हिरव्या व्हत्या बांगड्या," म्हणाली, "ह्यात काळ्या दिसत्यात." मग म्हणाली, "चांगला तर आलाय. मंग घातला का न्हाई?"

मी सांगितलं. तुम्ही कुणाला कळू देऊ नका म्हणाला होतात, म्हणून. त्यांना सगळ्यांनी खोटं ठरवलं, नकली पोथी लिहिली म्हणाले, तरी दाखवला नाही म्हणून.

म्हातारीचं तोंड उतरलं. "आवं," ती म्हणाली, "त्ये त्या दिवशी म्हनलं व्हतं."

येताना तिनं मला शेंगा बांधून दिल्या. फोटो मी तिच्याकडंच ठेवला. दारात म्हणाली, आता घाला म्हनावं जिथं घालायचा तिथं, पर हात तेवढा कापू नका. मी हो म्हटलं. एसटीत मला आधी हलकं वाटत होतं. कराड येईपर्यंत राग यायला लागला. बायको म्हणून नव्हे, साधं माणूस म्हणून राग.

संध्याकाळी घरी आले. हे खिडकीशी बसले होते. मी शेंगा समोर ठेवल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कुठं गेले होते, कुणाला भेटले, काय म्हणाली. सासूला दिवाळीतच सांगितलं होतं, हेही. सासरा पुढच्याच वर्षी गेला, हेही. आणि तिला वाटत होतं की आपला हात पुस्तकात आहे, हेही.

ह्यांनी एक शेंग उचलली आणि परत खाली ठेवली. मग म्हणाले, "मी शब्द दिला होता."

"मला कळलं ते. पण मला का नाही सांगितलं? मी काय गावभर दवंडी पिटली असती?"

"तू संशय घेतला असतास."

"घेतला असता," मी म्हटलं. "आठ दिवस भांडले असते. आणि मग पहिली एसटी पकडून जाऊन, तिच्या मागच्या दारी बसून, विचारून आले असते. तुम्ही पुरुषमाणूस, तुम्हाला गावात पाऊल ठेवायची चोरी. मला कुणी अडवलं असतं? हळदीकुंकवाला गेले असते. एका चहात मिटलं असतं सगळं."

हे त्यांना इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं, ते मला दिसत होतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला दया आली, पण राग काही गेला नाही.

"उद्या त्या बाईंना बोलावते," मी म्हटलं. "सगळा डबा देऊन टाकू. बघू देत सगळ्यांना, पोथी खरी होती म्हणून."

"कुणाला दाखवणार आता?" हे म्हणाले. "सभेत जे हसले होते त्यांतलं कुणी राहिलं नाही. त्या गृहस्थांनाही जाऊन किती वर्षं झाली. कुणाला पडलंय?"

"तिला पडलंय," मी म्हटलं. "तिच्यासाठी लपवलंत ना? मग तिलाच दाखवायचं."